सहा मिनिटं चाळीस सेकंदांचा सेमिनार

रेसिडेंटला (हॉस्पिटलात काम करत पीजी शिकणाऱ्या डॉक्टरला) सेमिनारचा विषय दिला की पुढे काय होतं ते बहुतेक सगळ्यांना माहितीये. टेक्स्टबुकचा चॅप्टर उघडला जातो, त्यातली हेडिंग्ज जशीच्या तशी स्लाईडवर उतरतात, व्याख्या, कारणं, वर्गीकरण, लक्षणं, तपासण्या, उपचार, आणि मग ७०-८० स्लाईडचं ते पीपीटी तासभर स्क्रीनकडे तोंड करून वाचलं जातं. यात सगळ्यात मोठं नुकसान कुठे होतं तर पुस्तकाच्या क्रमात उपचार शेवटी असतात, तिथपर्यंत पोचेपर्यंत वेळ संपत आलेला असतो, कोणीतरी "जरा आवर आता" म्हणतं, आणि रात्री ड्युटीवर ज्याची खरी गरज पडणार तोच भाग दोन मिनिटांत उरकला जातो.

मला यात रेसिडेंटचा दोष वाटत नाही. आपण त्याला सांगतो "हायपरकलेमियावर बोल", म्हणजे रक्तातलं पोटॅशियम फार वाढणं यावर. एवढा मोठा विषय हातात आला की माणूस सगळं आणणारच, काही राहिलं आणि नेमकं तेच कोणी विचारलं तर काय, ही भीती प्रत्येकाला असते, आम्हालाही होतीच. म्हणून काही वर्षांपासून मी टीचिंगमध्ये पेचाकुचा वापरतेय. त्याबद्दल विचारणारे बरेच भेटतात, प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

ज्यांनी हे नाव ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. २० स्लाईड, प्रत्येक स्लाईड २० सेकंद, स्लाईड आपोआप पुढे सरकते, बोलणाऱ्याच्या हातात काही नाही. एकूण ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंद. २००३ मध्ये टोकियोत ॲस्ट्रिड क्लाईन आणि मार्क डायथम या दोन आर्किटेक्टनी हे सुरू केलं, डिझाईनवाल्या लोकांनी एकत्र येऊन आपापलं काम दाखवावं पण एकेकाने तासभर बोलत बसू नये म्हणून. मग २००६ मध्ये सिएटलला इग्नाईट आलं, तिथे २० स्लाईड पण प्रत्येकी १५ सेकंद, म्हणजे पाच मिनिटांत खेळ आटोपतो. आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने थ्री मिनिट थिसिस सुरू केलं, त्यात पीएचडीचं अख्खं काम तीन मिनिटांत आणि एकाच स्थिर स्लाईडवर मांडायचं. तिन्हींमागची कल्पना एकच, की वेळ आधी ठरलेली आहे, आता त्यात काय ठेवायचं ते तू ठरव.

आता हे मेडिकलच्या मुलांना का करायला लावायचं? लोक पटकन म्हणतात की हल्लीच्या मुलांचं लक्ष टिकत नाही म्हणून छोटं छोटं द्यावं. मला हे कारण पटत नाही. लेक्चरमध्ये १०-१५ मिनिटांनी लक्ष उडतं हे वाक्य आपण सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की ते सिद्ध झालेलं आहे असंच वाटतं, पण त्याच्यामागचा पुरावा शोधायला गेलं तर तो फार तोकडा आहे, चांगलं शिकवणारा माणूस असला तर हीच मुलं तास-दीड तास हलत नाहीत. माझं कारण वेगळं आहे आणि ते ऐकणाऱ्यांपेक्षा बोलणाऱ्याबद्दल आहे. या घड्याळामुळे रेसिडेंटला निवड करावी लागते. कुठली गोष्ट आत, कुठली बाहेर. आणि ही निवड करायची तर विषय समजलेला असावा लागतो, नुसता वाचलेला असून भागत नाही.

डॉक्टरचं रोजचं काम तरी दुसरं काय असतं. रात्री दोन वाजता सीनिअरला फोन केला की त्याला पेशंटची जन्मकुंडली नको असते, कोण आहे, काय झालंय, तुला काय वाटतंय, माझ्याकडून काय हवंय एवढंच हवं असतं. एसबीएआर नावाची जी फोनवर बोलायची पद्धत शिकवतात ती याचसाठी आहे. ड्युटी बदलताना पेशंट हँडओव्हर करणं तर त्याहून नाजूक काम. अमेरिकेत आय-पास नावाच्या हँडओव्हर पद्धतीचा ९ हॉस्पिटलांमधला अभ्यास २०१४ मध्ये आला होता, त्यात ती पद्धत नीट शिकवून लागू केल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद आहे. तो अभ्यास पेचाकुचाचा नाही हे उघड आहे, पण नेमकं आणि क्रमाने बोलणं ही पेशंटच्या जिवाशी जोडलेली गोष्ट आहे हे त्यातून स्पष्ट दिसतं. मग हे बोलणं मुलं शिकणार कुठे? ८० स्लाईडच्या सेमिनारमध्ये तर नक्कीच नाही.

पण नुसतं "या वेळी पेचाकुचा कर" म्हणून सोडून दिलं तर तोच चॅप्टर २० स्लाईडवर दाबून भरला जातो, अक्षरं बारीक होतात, बोलण्याचा वेग दुप्पट होतो आणि ऐकणाऱ्यांची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट. म्हणून मी विषय देतच नाही, प्रश्न देते. "हायपरकलेमिया" असं न सांगता "लॅबचा फोन आलाय, पोटॅशियम ७, पहिल्या १० मिनिटांत तू काय करशील" असं सांगते. एवढ्या बदलाने अर्धं काम होतं, कारण प्रश्नाला उत्तर द्यायचं असलं की काय नको ते आपोआप कळायला लागतं. तरीही सुरुवातीला हमखास कोणीतरी येतंच, "मॅडम, एवढं सगळं सहा मिनिटांत बसवू कसं?" मी म्हणते बसवू नकोस, तू उद्या नाईटला असलास आणि तुझ्याबरोबर इंटर्न असली तर तिला यातलं काय माहिती असायलाच हवं तेवढं सांग.

हेच उदाहरण पुढे नेते म्हणजे कळेल. पहिली स्लाईड लॅबच्या फोनची, दुसरीत पेशंट एका ओळीत, किडनीचा जुना आजार, एक डायलिसिस चुकलंय. तिसरीत प्रश्न की सॅम्पल हिमोलाईझ झालेलं (रक्तपेशी फुटून पोटॅशियम खोटंच जास्त दिसणारं) तर नाही ना, रिपीट पाठव, पण ईसीजी बिघडलेला असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नकोस. मग ईसीजी. इथे एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगते, ईसीजी २० सेकंदांत बघून होत नाही, म्हणून तोच ईसीजी सलग चार स्लाईडवर ठेवायचा. पहिल्या स्लाईडवर काहीही खूण नाही आणि बोलणारा गप्प. दुसऱ्यावर उंच टोकदार टी वेव्हवर गोल (टी, पी, पीआर, क्यूआरएस ही ईसीजीच्या रेघेतल्या भागांची नावं). तिसऱ्यावर सपाट होत गेलेली पी वेव्ह आणि लांबलेला पीआर. चौथ्यावर रुंद क्यूआरएस. झाले ८० सेकंद, आणि लोकांनी तो ईसीजी खरंच बघितला. त्याला लागूनच एक स्लाईड हवी की ईसीजी नॉर्मल दिसला म्हणजे धोका टळला असं समजायचं नाही.

मग कॅल्शियम. याला मी दोन स्लाईड द्यायला लावते कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो, कॅल्शियमने पोटॅशियम अजिबात उतरत नाही, ते फक्त हृदयाच्या पेशींना सांभाळतं, काही मिनिटांत काम सुरू होतं आणि साधारण अर्धा ते एक तास टिकतं, म्हणजे तेवढीच सवड मिळाली. ईसीजी परत काढायचा, सुधारला नाही तर डोस परत. त्यानंतर इन्सुलिन-डेक्स्ट्रोज आणि सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, यांनी पोटॅशियम पेशींच्या आत जातं पण शरीरातून जात नाही, काही तासांनी परत बाहेर येतं. आणि इन्सुलिन दिल्यावर पुढचे काही तास शुगर बघत राहायची, किडनीच्या पेशंटमध्ये तर जास्तच, कारण इन्सुलिन त्यांच्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. ही स्लाईड जर कोणी गाळली तर मी परत घालायला लावते. मग शरीरातून काढायचं कसं, या पेशंटला डायलिसिस, आणि शेवटी हे झालंच का, कुठली औषधं चालू होती, एसीई इनहिबिटर, स्पायरोनोलॅक्टोन वगैरे पोटॅशियम वाढवणारी. वाचवा, आत ढकला, बाहेर काढा हा क्रम एकदा डोक्यात बसला की नाईटला हात कापत नाहीत. आणि यात रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिसचे (किडनीमुळे रक्तात आम्ल साठण्याच्या आजाराचे) प्रकार आले नाहीत, येऊही नयेत, ते वेगळ्या दिवशी निवांत.

डोसबद्दल माझा नियम कडक आहे. पळत्या स्लाईडवर बघून डोस लक्षात ठेवायचा नाही आणि ठेवायला लावायचाही नाही. त्यासाठी प्रत्येक पेचाकुचासोबत एक पानाचं हँडआउट द्यायचं, त्यात डोस, किती वेळात द्यायचा, काय मॉनिटर करायचं, गाळलेल्या गोष्टींतलं काय कुठे वाचायचं हे सगळं. हँडआउट बनवताना विषय दुसऱ्यांदा वाचून होतो, आणि "हे राहून गेलं" ही भीतीही कमी होते कारण राहिलेलं कागदावर आहे.

आता स्लाईडवर किती शब्द? साधारण मिनिटाला १२० ते १५० शब्द हा आरामात बोलण्याचा वेग धरला तर २० सेकंदांत ४० ते ५० शब्द होतात. म्हणजे तीन, फार तर चार वाक्यं. ही वाक्यं आधी लिहून काढायची, मोठ्याने वाचायची, फोनवर टायमर लावून. तीन वाक्यांत जे बसत नाही ते एक तर पुढच्या स्लाईडचं आहे नाहीतर हँडआउटचं. स्लाईडवर मात्र ही वाक्यं लिहायची नाहीत. रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि आवाज यांतून माणूस कसा शिकतो यावर वर्षानुवर्षं प्रयोग केलेत, त्यातला एक निष्कर्ष मला फार उपयोगी वाटतो, चित्र आणि त्यावर बोलणं एवढं असलं की शिकणं चांगलं होतं, त्यातच जे बोलतोय तेच शब्द स्क्रीनवरही टाकले तर कमी होतं, कारण डोळे वाचत बसतात आणि कान मागे पडतात. त्यामुळे एक्स-रे, पुरळ, पेरिफेरल स्मिअर, एकोची क्लिप, ईसीजी, एखादा साधा बाण-बाणांचा ड्रॉइंग, हे असलं चांगलं. ड्रॉइंग हाताने काढून फोटो काढला तरी छान दिसतं, उलट मला तेच जास्त आवडतं.

मगाशी गप्प राहायच्या स्लाईडबद्दल बोलले, त्यावर थोडं अजून. मेरी बड रो नावाच्या संशोधक होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग्ज तपासून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचार केलेली येतात. आपण राऊंडला काय करतो ते आठवून बघा, प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत आपणच सांगून टाकायचं किंवा पुढच्याकडे वळायचं. पेचाकुचात एक स्लाईड नुसत्या प्रश्नाची ठेवली की २० सेकंद कोणालाच घाई करता येत नाही, स्लाईडच पुढे जात नाही ना. पहिल्यांदा ही शांतता सगळ्यांना अवघड वाटते, बोलणाऱ्याला तर फारच. पण त्या २० सेकंदांत मागच्या बाकावरची इंटर्नही मनातल्या मनात एक उत्तर ठरवते, मग ते बरोबर असो की चूक. चूक असलं तर जास्त चांगलं, कारण पुढच्या स्लाईडला ती कान देऊन ऐकते.

एक मात्र आहे, नुसता पेचाकुचा म्हणजे टीचिंग झालं असं मी मानत नाही. तीन जणांचे तीन केले की बरोबर २० मिनिटं होतात, तासातली उरलेली ४० मिनिटं बोलायला मोकळी. आणि ती मोकळी ठेवण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. त्या वेळात प्रश्न येतात, "सोडियम बायकार्ब कधी द्यायचं", "ईसीजीत फक्त टी वेव्ह उंच असेल तर कॅल्शियम द्यायचं का", मग सीनिअर लोकांचे आपापसात मतभेद निघतात, आणि रेसिडेंटना दिसतं की इथे पुस्तकातही एकमत नाहीये. तासभराच्या सेमिनारनंतर "एनी क्वेश्चन्स?" विचारलं की सगळे दाराकडे बघतात. इथे वेळ शिल्लक असतो आणि डोकं थकलेलं नसतं. चर्चा चालू असताना स्लाईड मागे नेऊन हव्या त्या ईसीजीवर थांबायचं, तेव्हा कुठलाही टायमर नाही.

सगळ्याच विषयांना हे चालत नाही, आणि ओढून-ताणून लावू नये. ॲसिड-बेसची, म्हणजे रक्तातल्या आम्ल-अल्कलीच्या तोलाची गणितं कागद-पेन घेऊन, थांबत थांबत, चुकत करायची असतात, ती पळत्या स्लाईडवर अशक्य. जर्नल क्लबलाही (जिथे एखादा शोधनिबंध मिळून तपासतात) मी वापरत नाही, मेथड्सचा भाग आणि ते टेबल लोकांनी स्वतः डोळ्यांखालून घालायला हवं, त्यातच तर सगळं लपलेलं असतं. हायपोनेट्रेमिया (रक्तातलं सोडियम कमी होणं) अख्खा कोणी घेतला तर नको म्हणते, "सोडियम किती वेगाने वाढवायचं आणि का" एवढा घेतला तर चालेल. वाईट बातमी कशी सांगायची हा विषय एकाने पेचाकुचात मागितला होता, मी नाही दिला. ज्या गोष्टीत थांबणं हेच कौशल्य आहे ती धावत शिकवायची हे मला पटेना.

काही सीनिअर मंडळी म्हणतात की याने खोली जाते, मुलं वरवरचं शिकतात. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण नुसती चकचकीत चित्रं आणि टाळ्या असं होऊ शकतं. पण खोली चर्चेत तपासता येते. ज्याने खरंच वाचलंय तो गाळलेल्या गोष्टींबद्दल विचारलं की लगेच सांगतो "ते मी घेतलं नाही कारण..." आणि त्या "कारण" नंतर जे येतं त्यावरून मला त्याचा अभ्यास कळतो. खरं तर मी परीक्षण करताना पहिला प्रश्न हाच विचारते, काय गाळलंस आणि का.

दुसरी काळजी मला जास्त महत्त्वाची वाटते. काही मुलं अडखळत बोलतात, काहींना भाषा बदलून बोलावं लागतं, काहींना स्टेजवर गेलं की घाम फुटतो, त्यांच्यासाठी आपोआप पळणारी स्लाईड म्हणजे शिक्षा होऊ शकते. तिथे नियमाला चिकटून बसू नये. १० स्लाईड ४० सेकंदांच्या केल्या तरी ४०० सेकंदच होतात. किंवा स्लाईड हाताने पुढे न्यायची पण एकूण वेळ सात मिनिटं. किंवा दोघांनी मिळून करायचा. आपल्याला नेमकं बोलणं शिकवायचंय, घड्याळाची भीती घालायची नाहीये. मी सगळ्यांनाच सांगते की स्लाईड पुढे गेली आणि वाक्य राहिलं तर ते सोडून दे, मागे धावू नकोस, ऐकणाऱ्याला कळतही नाही.

टेक्निकल गोष्टी पटकन सांगते. पॉवरपॉइंटमध्ये ट्रान्झिशन्सच्या टॅबमध्ये उजवीकडे "आफ्टर" असतं तिथे २० सेकंद टाकायचे, "ऑन माउस क्लिक"ची टिक काढायची आणि "अप्लाय टू ऑल" करायचं. स्लाईडच्या आत ॲनिमेशन ठेवू नका, वेळेचा सगळा घोळ होतो. पीडीएफ करून नेऊ नका, त्यात टायमिंग जातं; सेमिनार रूमच्या कॉम्प्युटरवर भरवसा नसेल तर व्हिडिओ म्हणून सेव्ह करता येतं, टायमिंग तसंच राहतं. लाल-हिरव्या रंगांवर अवलंबून खुणा करू नका, रंगांधळेपणा असलेलं कोणी ना कोणी वर्गात असू शकतं, बाण किंवा गोल काढा.

आणि पेशंटचे फोटो. या पद्धतीत चित्रं जास्त लागतात म्हणून हा धोकाही जास्त. परवानगी घेतल्याशिवाय फोटो नाही, चेहरा लागत नसेल तर चेहरा नाही, एक्स-रे आणि सीटीच्या कोपऱ्यात नाव, नंबर, तारीख असते ती काढायची. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नसते, पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग फाईलमध्ये तसाच असतो, फाईल ज्याच्याकडे जाईल तो क्रॉप उलटवून नाव वाचू शकतो. त्यामुळे "कॉम्प्रेस पिक्चर्स"मध्ये जाऊन कापलेला भाग डिलीट करायचा, किंवा आधीच फोटो एडिट करून मग टाकायचा. ग्रुपवर पीपीटी फिरतात तेव्हा हे फार महत्त्वाचं.

शेवटी, हे शिकलं गेलं की नाही कसं कळणार? "आवडलं का" असा फॉर्म भरून घेतला की सगळे आवडलं म्हणतात, त्याने काही सिद्ध होत नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा एक प्रयोग आहे, उतारा परत वाचणारे आणि उतारा आठवून लिहिणारे असे दोन गट, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणून मी पेचाकुचा झाल्या झाल्या काही विचारत नाही. पुढच्या आठवड्यात राऊंडला, ज्या पेशंटचा त्याच्याशी काही संबंध नाही अशा बेडजवळ, मध्येच विचारते, "लॅबचा फोन आला, पोटॅशियम ७. बोल." आणि ज्याने तो पेचाकुचा केला होता त्याला सोडून इतरांना विचारते.

तुमच्याकडे सुरू करायचं असेल तर पहिल्या खेपेला छोटे, धारदार प्रश्न द्या. डीकेएमध्ये (डायबेटिसमधल्या कीटोॲसिडोसिसमध्ये) इन्सुलिनच्या आधी पोटॅशियम का बघायचं. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या ॲलर्जीत) ॲड्रेनालिन मांडीतच का. ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं आहे, मग हार्ट अटॅकच का. आणि पहिला पेचाकुचा रेसिडेंटला देण्याआधी तुम्ही स्वतः एक करून दाखवा, त्यांच्यासमोर, टायमर चालू ठेवून, आणि मग त्यांना विचारा की यातलं काय गाळायला हवं होतं.